हृदयात नळी घातल्यावर रोग्याची सेवा

मंडळी, आजचा धडा आजारपणाचा आहे. पण भिऊ नका. अंधारात दोरी सापासारखी दिसते. दिवा लावला की ती दोरीच असते. माहितीचेही तसेच आहे. म्हणून हा धडा सावकाश वाचा. घरात कोणाला वाचता येत नसेल तर त्याला वाचून दाखवा.

अंबरनाथ पूर्वेच्या स्टेशनाबाहेर सकाळी उभे राहून पाहा. कोणी डबा घेऊन कामाला निघालेला असतो. कोणाच्या हातात भाजीची पाटी असते. आणि एखाद्याच्या हातात एक्स-रेची मोठी पिशवी असते. "कुठं निघालात?" असे विचारले तर तो म्हणतो, "परळला. केईएमला." परळचे केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. आपल्या भागातले कितीतरी रोगी तेथे जातात. कोणी कल्याणला जातात, कोणी ठाण्याला, कोणी उल्हासनगरला. त्यांतल्या काहींना हृदयाचा आजार असतो. डॉक्टर त्यांना सांगतात, "नळी घालून तपासावं लागेल."

हे ऐकले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. नळी कुठे घालतात? दुखते का? आणि नळी काढल्यावर काय करायचे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देऊ. तिसऱ्याचे मात्र नीट देऊ. कारण नळी घालणे डॉक्टरांचे काम आहे. नंतरची काळजी घेणे नर्सबाईंचे आणि आपलेही काम आहे.

नळी कशाची? कुठे घालतात?

हृदय म्हणजे एक पंप आहे. तो रात्रंदिवस रक्त ढकलतो. पंपाला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याला बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. या वाहिन्यांत चरबीचा थर साचला की वाट अरुंद होते. मग चालताना छातीत दुखते, दम लागतो. वाट एकदम बंद झाली तर हृदयविकाराचा झटका येतो.

वाट कुठे अडली आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून डॉक्टर एक लांब, बारीक, लवचिक, पोकळ नळी घेतात. तिला कॅथेटर म्हणतात. ती मनगटातून किंवा जांघेतून आत सरकवतात. मनगटाची जागा तुम्हाला ठाऊक आहे. वैद्य नाडी पाहतात तीच ती. नळीतून एक औषध सोडतात. ते औषध क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. मग वाहिनीचा नकाशाच पडद्यावर उमटतो. या तपासणीला अँजिओग्राफी म्हणतात. नळीच्या टोकाला छोटा फुगा लावून अडलेली वाट उघडली तर त्याला अँजिओप्लास्टी म्हणतात. वाट पुन्हा मिटू नये म्हणून बहुधा तेथे धातूची बारीक जाळी बसवतात. तिला स्टेंट म्हणतात.

रोग्याला बहुधा पूर्ण भूल देत नाहीत. नळी जेथून घालतात तेवढीच जागा बधिर करतात. रोगी जागा असतो, बोलू शकतो.

ही युक्ती कोणाला सुचली? त्याची गोष्ट ऐका. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्ड नावाच्या गावी वेर्नर फोर्समान नावाचा एक तरुण डॉक्टर होता. हृदयापर्यंत नळी नेता येईल असे त्याला वाटे. वरिष्ठांनी परवानगी दिली नाही. लागणारे सामान एका परिचारिकेच्या ताब्यात होते. त्याने तिचे मन वळवले. मग स्वतःच्याच हाताच्या शिरेत नळी घातली. नळी तशीच ठेवून तो चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला आणि चित्र काढवले. नळी हृदयात पोचली होती! १९५६ साली त्याला आणखी दोघा डॉक्टरांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. फुग्याने हृदयाची वाहिनी उघडण्याचे काम आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी १९७७ साली झुरिक शहरात प्रथम केले. आज हेच काम आपल्या जिल्ह्यातही होते.

काकूंनी हात घालून पाहिले

आता आमच्या वर्गातल्या एका काकूंची हकीकत सांगतो. काकू वडवलीकडे राहतात. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत काकांनी बरीच वर्षे नोकरी केली. काकू आमच्या वर्गाला दोन वर्षे येत होत्या. प्रथम त्यांना सही येईना. पुढे त्या दुकानांच्या पाट्या वाचू लागल्या.

एका हिवाळ्यात काकांच्या छातीत दुखू लागले. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. नळी जांघेतून घातली होती. दुपारी काका खाटेवर परत आले. जांघेवर घट्ट पट्टी होती. नर्सबाई दर पंधरा मिनिटांनी येत. नाडी पाहत, रक्तदाब पाहत, पट्टी पाहत. पायाच्या पावलावर बोटे ठेवून तेथली नाडी पाहत. मग मांडीखाली हात घालत.

काकूंनी विचारले, "बाई, पट्टी तर वर आहे. तुम्ही खाली कशाला बघता?"

नर्सबाई म्हणाल्या, "काकू, पाणी उताराकडं जातं ना? रक्तही तसंच जातं. वरची पट्टी कोरडी दिसते आणि रक्त खाली गादीत मुरतं. म्हणून नुसतं वरून बघायचं नाही. खाली हात घालून बघायचं."

काकूंनी ते मनात धरले. रात्री वॉर्डात निजानीज झाली. काका खोकले. थोड्या वेळाने त्यांना मांडीखाली ओले ओले वाटले. त्यांना वाटले, घाम असेल. ते गप्प पडून राहिले. काकूंनी विचारले, "अहो, बरं वाटतंय ना?"

काका म्हणाले, "बरंय. जरा ओलं लागतंय. जाऊ दे. आत्ताच तर सिस्टर येऊन गेल्या. पुन्हा कशाला त्रास द्यायचा?"

काकूंनी मांडीखाली हात घातला. हात लाल झाला. त्यांनी तडक हाक मारली. नर्सबाई धावत आल्या. त्यांनी खाटेचे डोके खाली केले आणि जांघेत जोराने दाबून धरले. दुसऱ्या बाईंनी डॉक्टरांना बोलावले. वीस मिनिटे त्यांनी हात उचलला नाही. रक्त थांबले. काका वाचले.

मंडळी, यात तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. काकूंनी खाली पाहिले. त्यांनी लगेच हाक मारली. आणि "त्रास कशाला द्यायचा" असे मनात आणले नाही. आजारपणात भीड भिकेची बहीण! रोग्याची हाक ऐकणे हे नर्सबाईंचे कामच आहे.

रक्त इतके का वाहते?

शेताच्या पाटाला भोक पडले तर पाणी झिरपते. पंपाच्या नळीला भोक पडले तर चिळकांडी उडते. शीर म्हणजे पाट. धमनी म्हणजे पंपाची नळी. हृदयाची वाट पाहण्यासाठी नळी धमनीतून घालतात. नळी काढली की धमनीला छोटे छिद्र राहते. शिवाय गाठ होऊ नये म्हणून रोग्याला रक्त पातळ ठेवणारे औषध दिलेले असते. म्हणून छिद्र बुजायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपण ते सांभाळायचे.

मनगटातून नळी घातली तर रक्त जाण्याचा धोका कमी असतो. तेथली धमनी लहान आणि वरच असते. दाबायला सोपी असते. म्हणून हल्ली पुष्कळ ठिकाणी मनगटातूनच नळी घालतात. पण प्रत्येकाला ते जमते असे नाही. कुठून घालायची हे डॉक्टर ठरवतात.

रुग्णालयात काय सांभाळावे?

जांघेतून नळी घातली असेल तर:

रोग्याने उताणे निजावे. पाय सरळ ठेवावा. गुडघ्यात वाकवू नये. बहुधा चार ते सहा तास असे निजावे लागते. पण प्रत्येक रोग्याचा हिशेब वेगळा. नर्सबाई "उठा" म्हणतील तेव्हाच उठावे.

डोके उचलून पायाकडे पाहू नये. त्याने पोटावर आणि जांघेवर ताण येतो. खोकला किंवा शिंक आली तर पट्टीवर तळहात दाबून धरावा.

लघवीसाठी उठू नये. भांडे मागावे. यात लाज कसली? पुष्कळांना निजून लघवी होत नाही. पोट फुगते, दुखते. तसे झाले तर लपवू नये. नर्सबाईंना सांगावे.

मनगटातून घातली असेल तर:

मनगटावर एक पट्टा बांधतात. त्यात हवा भरलेली असते. हवा थोडी थोडी सोडून पट्टा सैल करतात. ते काम नर्सबाईंचे. "घट्ट होतंय" म्हणून आपण पट्टा सोडू नये. फार दुखले तर, बोटे निळी पडली तर, मुंग्या आल्या तर लगेच सांगावे. त्या हाताने जोर देऊन उठू नये. मनगट वाकवू नये.

दोन्ही प्रकारांत हे पाहावे:

एक. पट्टीवर रक्त दिसते का? खाली ओले आहे का?

दोन. पट्टीजवळ गाठ येत आहे का? ती वाढते का?

तीन. तो हात किंवा पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का? फिका किंवा निळा पडला आहे का? बधिर झाला आहे का? तसे असेल तर रक्त पुढे पोचत नाही असे समजावे. येथे वाट पाहू नये.

चार. पाठीत किंवा कमरेत एकाएकी जोराचे दुखते का? रोगी पांढराफटक पडला, घाम आला, चक्कर आली तर पोटाच्या मागे आतल्या आत रक्त जात असू शकते. बाहेर थेंबही दिसत नाही. "निजून निजून पाठ अवघडली असेल" असे म्हणून सोडू नये. नर्सबाईंना सांगावे. काय आहे ते त्या ठरवतील.

पाच. छातीत दुखते का? दम लागतो का? छाती धडधडते का?

सहा. तोंड वाकडे झाले का? बोलणे अडखळते का? एक हात लुळा पडला का? हे मेंदूला रक्त न पोचल्याचे लक्षण असू शकते.

सात. अंगाला खाज सुटली का? गांधी उठल्या का? चित्रासाठी सोडलेले औषध एखाद्याला मानवत नाही. पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला असेल तर तो नळी घालण्याच्या आधीच सांगावा.

हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. म्हणून पाणी प्यायला सांगतात आणि लघवी किती झाली ते मोजतात. लघवी मोजण्यापूर्वी ओतून देऊ नये. मात्र सगळ्यांनाच खूप पाणी चालत नाही. ज्याचे हृदय अशक्त आहे, पाय सुजतात, त्याने किती प्यावे हे विचारावे. मधुमेहाची गोळी असेल तर ती पुन्हा केव्हा सुरू करायची हेही विचारावे. काही गोळ्या दोन दिवस थांबवाव्या लागतात.

काकूंचा कागद

तिसऱ्या दिवशी काकांना घरी जायला सांगितले. हातात कार्ड मिळाले. ते इंग्रजीत होते. काकू नर्सबाईंना म्हणाल्या, "बाई, मला मराठी लिहिता येतं. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

नर्सबाई जरा थांबल्या. मग स्टुलावर बसल्या. काकूंनी पिशवीतून वर्गातली वही काढली. अक्षर मोठे मोठे होते. काना-मात्रा चुकत होत्या. पण पान भरले. काकूंनी ते आम्हाला दाखवले तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. त्यांच्या परवानगीने, शुद्धलेखन सुधारून, ते येथे देत आहोत.

"रोज पट्टीची जागा बघणे. दुसऱ्या दिवशी पट्टी काढणे. जागा कोरडी ठेवणे. हळद, चुना, तंबाखू लावणे नाही. तांब्याने अंघोळ चालेल. जागा चोळणे नाही. आठवडाभर तळ्यात, नदीत उतरणे नाही. आठवडाभर जड उचलणे नाही. उकिडवे बसणे नाही. जिना कमी, सावकाश. गोळ्या रोज. दोन गोळ्या बंद करणे नाही. रक्त आले तर निजवणे, दाबणे, १०८."

सारा धडा या कागदात आहे. आता त्यातला एकेक शब्द उलगडू.

घरी कसे यावे?

मुंबईहून अंबरनाथ सुमारे साठ किलोमीटर. संध्याकाळच्या गाडीत मुंगी शिरायला जागा नसते. तेथे धक्का लागला तर? पूल चढताना घाई झाली तर? म्हणून गर्दीच्या वेळी रोग्याला लोकलने आणू नये. जमल्यास मोटारीने आणावे. ते परवडत नसेल तर दुपारची कमी गर्दीची गाडी पाहावी, बसायला जागा मिळेल अशी. बरोबर धडधाकट माणूस हवा. पिशवी त्याने घ्यावी. गाडी सुटली तर सुटू द्यावी, पळू नये. स्टेशनावरून रिक्षा करावी आणि खड्ड्यांतून हळू न्यायला सांगावे.

घरी काय सांभाळावे?

जड उचलू नये. जड म्हणजे किती? सुमारे पाच किलोपेक्षा जास्त. पाण्याची भरलेली बादली, हंडा, तांदळाची गोणी, गॅसची टाकी, कडेवरचे नातवंड, ही सगळी जडच. जांघेतून नळी घातली असेल तर आठवडाभर हे पथ्य पाळावे. मनगटातून घातली असेल तरी त्या हाताने काही दिवस बादली उचलू नये, कपडे पिळू नयेत, पाटा-वरवंटा करू नये.

उकिडवे बसू नये. जांघेची जागा त्याने दुमडते. आपल्याकडे पुष्कळ घरांत शौचाला उकिडवे बसावे लागते. मग काय करावे? भोक पाडलेली खुर्ची दुकानात मिळते. ती संडासात ठेवावी. शेजारी कोणाकडे असेल तर आठवडाभर मागून आणावी. शौचाला जोर करू नये. पालेभाजी, फळे खावीत. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना सांगावे.

जागेवर काही लावू नये. कापले की हळद दाबायची, चुना लावायचा, अशी आपली सवय. पण धमनीपर्यंत गेलेल्या छिद्रात घाण गेली तर पू होतो, ताप येतो. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवणे, हेच औषध. लाली वाढली, पू आला, ताप आला, तर दवाखान्यात जावे.

निळे-काळे डाग पाहून घाबरू नये. थोडे रक्त कातडीखाली साचते. ते आधी निळे, मग पिवळे होऊन जाते. चिंचोक्याएवढी गाठही काही दिवस राहू शकते. पण गाठ वाढू लागली, दुखू लागली किंवा बोट ठेवल्यावर ठोके देऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घरी रक्त आले तर?

हा भाग दोनदा वाचा.

रोग्याला ताबडतोब आडवे निजवा. खाटेवर नेत बसू नका. जमिनीवर चालेल. स्वच्छ फडके घ्या. छिद्रावर आणि त्याच्या किंचित वर तळहाताने जोराने दाबा. घड्याळ पाहून दहा मिनिटे दाबा. "थांबलं का?" म्हणून मध्येच हात उचलून पाहू नका.

दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ सालापासून आहे. तिला भाडे लागत नाही. रक्त उसळत असेल, भराभर सुजत असेल किंवा दहा मिनिटांत थांबत नसेल, तर दाबून धरतच गाडीची वाट पाहा. घरी एकटेच असाल तर? एका हाताने दाबा, दुसऱ्याने फोन लावा, शेजाऱ्यांना हाक मारा. रोग्याला उठवून चालवू नका. रक्त थांबले तरी डॉक्टरांना कळवा.

छातीत जोराचे दुखले, घाम सुटला, दम लागला, तोंड वाकडे झाले, तरीही १०८. "सकाळी बघू" नको. सकाळ होईपर्यंत हृदयाचा स्नायू मरतो. तो पुन्हा जिवंत होत नाही.

गोळी म्हणजे अन्न नव्हे

काका घरी आले. आठवडा गेला, महिना गेला. जांघेचा डागही गेला. काका सकाळी फिरू लागले. मग महाशिवरात्र आली.

अंबरनाथची महाशिवरात्र तुम्हाला सांगायला नको. शिलाहार राजांच्या काळातले, इसवी सन १०६० मधले आपले शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. त्या दिवशी रात्रीपासून रांग लागते. गाभारा खोल आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. काका दरवर्षी उपास करीत आणि रांगेत उभे राहत.

काका म्हणाले, "आज गोळी नको. उपास आहे. आणि आता मला झालंय काय? ठणठणीत आहे मी. गोळ्यांना पैसे किती पडतात! आजपासून बंदच करतो."

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही आणली. पान काढले आणि मोठ्याने वाचले, "दोन गोळ्या बंद करणे नाही."

काका म्हणाले, "अगं, पण उपासाला गोळी चालते का?"

काकू म्हणाल्या, "गोळी म्हणजे अन्न नव्हे. देवाला का ते कळत नाही? त्यानंच तर तुम्हाला परत पाठवलंय. रताळं खा, दूध घ्या, वर गोळी घ्या."

काकूंचे बरोबर होते. का ते पाहा. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. शरीराला ती परकी वाटते. तिच्यावर रक्ताची गाठ धरू पाहते. हळूहळू वाहिनीचे आतले अस्तर जाळीवर वाढते आणि ती झाकली जाते. त्याला महिने लागतात. तोपर्यंत दोन गोळ्या गाठ होऊ देत नाहीत. एक ॲस्पिरिनची. दुसरी त्याच कामाची, वेगळ्या नावाची. गोळी थांबवली आणि गाठ धरली, तर जाळी एकाएकी बंद होते. मोठा झटका येतो. माणूस जातोही. आणि हे सारे अगदी बरे वाटत असताना होते. बरे वाटते ते गोळीमुळे. गोळी नको म्हणून नव्हे.

दुसरी गोळी पुष्कळांना वर्षभर घ्यावी लागते. कोणाला कमी, कोणाला जास्त. पहिली बहुधा पुढेही चालू राहते. कधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनीच सांगावे. दात काढायचा असेल, दुसरे ऑपरेशन असेल, तरी आपल्या मनाने थांबवू नये. दातांच्या डॉक्टरांना आधी सांगावे. एक दिवस विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

या गोळ्यांनी कापलेले लवकर थांबत नाही. दाढी जपून करावी. शौचाला डांबरासारखे काळे झाले, रक्ताची उलटी झाली, तर ताबडतोब दवाखान्यात जावे. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून खाऊ नयेत. त्यांनी पोटात रक्त येऊ शकते. आणि विडी, तंबाखू, मशेरी? जाळीने एक वाट उघडली, तंबाखू दुसरी बंद करील. ती सोडलीच पाहिजे.

पैशाचे काय? गोळ्या महाग वाटल्या तर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, "स्वस्तातली लिहून द्या." त्याच औषधाच्या कमी किमतीच्या गोळ्या जनऔषधीच्या दुकानात मिळतात. स्टेंटच्या किमतीला सरकारने २०१७ च्या फेब्रुवारीत मर्यादा घातली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टीचा खर्च योजनेतून होऊ शकतो. तेथे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटावे. मग पैसे भरावेत की नाही ते ठरवावे.

त्या महाशिवरात्रीला काकांनी गोळी घेतली. रांगेत उभे राहिले नाहीत. संध्याकाळी काकूंबरोबर गेले आणि बाहेरूनच हात जोडले. जत्रेतून त्यांनी काकूंना एक वस्तू आणून दिली. काय दिले असेल? बांगड्या? नव्हे. नवी वही आणि एक पेन! आता काकू गोळ्यांचा हिशेब त्या वहीत ठेवतात. गोळी घेतली की बरोबरची खूण करतात. आठ गोळ्या उरल्या की नव्या आणायला सांगतात.

आम्ही वर्गात नेहमी विचारतो, "वाचायला कशाला शिकलात?" कोणी म्हणते, गाडीची पाटी वाचायला. कोणी म्हणते, पोथी वाचायला. काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यासाठी."

ध्यानात ठेवा

नुसते वरून पाहू नये. खाली हात घालून पाहावे.

शंका आली की हाक मारावी. भीड धरू नये.

रक्त आले तर निजवावे, दाबावे, १०८ ला फोन करावा.

बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये.

सांगितलेले कागदावर लिहून घ्यावे आणि परत वाचून दाखवावे.

आता सांगा पाहू

१. काकूंनी मांडीखाली हात का घातला?

२. काका गप्प का राहिले? त्यांचे काय चुकले?

३. पाठीत एकाएकी दुखले तर नर्सबाईंना का सांगावे?

४. घरी रक्त आले तर पहिले काम कोणते? मध्येच हात का उचलू नये?

५. उपासाच्या दिवशी गोळी घ्यावी की नाही? का?

६. तुमच्या घरात कोणाला रोजची गोळी आहे का? तिचे नाव आणि वेळ वहीत लिहा. खाली मोठ्या आकड्यांत १०८ लिहा. तो कागद सगळ्यांना दिसेल अशा जागी भिंतीवर लावा.